डोळ्यांचा आहार

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने सिनेमा पाहावा की पाहू नये? घरात दूरदर्शनचा संच असावा की नसावा? आणि आता तर हा प्रश्न थेट खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोहोचला आहे. अशा अर्थाची पत्रे आमच्याकडे वारंवार येतात. कोणी आडून विचारतात, कोणी सरळच विचारतात, "महाराज, याचे पाप लागते का हो?" एकेकाला निरनिराळे उत्तर धाडण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकदा या प्रश्नाचा विचार करावा, म्हणून या महिन्याचे निरूपण आम्ही त्याच विषयाला वाहिले आहे.

या बाबतीत आपल्या मंडळींत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, हे सगळे मायेचे खेळ आहेत, कलीचे पाऊल आहे, संच उचला आणि उकिरड्यावर टाका. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, दिवसभर राबून आलेला माणूस घटकाभर हसला-रडला तर बिघडले कुठे? करमणूक ती करमणूक, तिच्यात नीती कशाला आणता? आम्हांला विचाराल तर हे दोन्ही पक्ष आळशी आहेत. पहिल्याला सगळेच टाकायचे असल्यामुळे निवडावे लागत नाही. दुसऱ्याला सगळेच घ्यायचे असल्यामुळे त्यालाही निवडावे लागत नाही. आणि परमार्थात तर निवडणे हेच मुख्य काम आहे. त्यालाच विवेक म्हणतात. जात्यावर बसलेली बाई आधी धान्य सुपात घेते, खडा वेचते, मगच घास जात्यात टाकते. खडे आहेत म्हणून ती धान्य फेकत नाही, आणि धान्य आहे म्हणून खडेही दळीत नाही. तसे काहीसे आपल्याला करायचे आहे.

आता मुळापासून पाहू. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमारांनी नारदाला उपदेश केला आहे. त्याच्या शेवटी असे सांगितले आहे की, आहार शुद्ध झाला म्हणजे अंतःकरण शुद्ध होते, अंतःकरण शुद्ध झाले म्हणजे स्मृती स्थिर होते, आणि स्मृती स्थिर झाली म्हणजे गाठी सुटतात. आपण आहार म्हटला की कांदा-लसणापाशी जाऊन थांबतो. परंतु श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात आहार या शब्दाचा अर्थ फार खोल नेला आहे. इंद्रियांच्या द्वारे जे जे आत घेतले जाते, तो तो आहार, असे त्यांचे म्हणणे. तोंडाने खातो तो जसा आहार, तसा कानाने ऐकतो तोही आहार आणि डोळ्याने पाहतो तोही आहार. आता गंमत पाहा. ताटात काय वाढले आहे ते आपण दोनदा पाहतो. शिळे असेल तर बाजूला सारतो, मीठ जास्त झाले तर लगेच बोलतो. पण डोळ्यांच्या ताटात रोज दोन-तीन तास काय वाढले जाते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? एकादशीला साबूदाण्यात हळद पडली तर ज्या घरात गहजब होतो, त्याच घरात त्याच एकादशीच्या रात्री पडद्यावर एक बाई दुसरीच्या दुधात विष कालवते, आणि सगळे घर फराळाची ताटली हातात धरून ते पाहत बसते! बोटाला लागलेली हळद धुता येते. मनात कालवलेले ते विष कोणत्या पाण्याने धुवायचे?

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात नाशाची जी साखळी सांगितली आहे, तिची पहिली कडी लक्षात घ्या. ती कडी पापाची नाही, चोरीची नाही. ती कडी नुसत्या चिंतनाची आहे. विषयाचे ध्यान करीत राहिले की त्याचा संग जडतो, संगातून काम, कामातून क्रोध, आणि पुढे बुद्धीचा नाश. म्हणजे नुसते पाहत राहणे ही लहान गोष्ट नव्हे. "आम्ही काय, नुसते पाहतो, करीत तर नाही ना?" असे म्हणणाऱ्यांनी ही पहिली कडी जरा हाताने चाचपून पाहावी.

मग करमणूक वाईट काय? मुळीच नव्हे. वारकरी पंथाइतका करमणुकीचा सोहळा दुसऱ्या कोणत्या पंथाने क्वचितच मांडला असेल. टाळ आहे, मृदंग आहे, फुगडी आहे, पावली आहे, रिंगणात घोडा धावतो आहे. हे सारे रुक्ष माणसांचे काम नव्हे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी तर आपल्या काळातली गावोगावची सगळी करमणूक घरात आणली. वासुदेव आणला, गोंधळी आणला, जोशी आणला, भुत्या आणला, आणि त्यांच्याच तोंडून परमार्थ वदवला. भारूड म्हणजे दुसरे काय? लोक विंचवाचे सोंग पाहायला आले, पोट धरून हसले, आणि घरी जाताना कामक्रोधाचा विंचू आपल्यालाच चावला आहे हे समजून गेले. म्हणजे सोंगाला नाथांची ना नव्हती. सोंग माणसाला कुठे पोहोचवते, एवढेच ते पाहत होते. बैलगाडी वाईट की चांगली, असा वाद कोणी घालीत नाही. ती पंढरीकडे चालली आहे की गुत्त्याकडे, एवढेच विचारतात.

सिनेमाच्या गाडीचेही तसेच आहे. आपल्या देशात ही गाडी आली ती देवाचे नाव घेऊनच आली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनात आले की, आमचे राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील? त्या तळमळीतून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची गोष्ट ही आपल्या चित्रपटाची पहिली गोष्ट होय. त्या वेळी बाया काम करायला मिळेनात, म्हणून तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली, आणि पडद्यावर राम आला की लोक पायांतल्या वहाणा काढून ठेवीत.

पुढे प्रभात कंपनीने संतचरित्रे घेतली. 1935 साली नाथांवर 'धर्मात्मा' आला, त्यात बालगंधर्व नाथ झाले होते. या चित्रपटाचे आधीचे नाव 'महात्मा' असे होते. सरकारी परीक्षकांना ते रुचले नाही, म्हणून बदलावे लागले. 1936 साली 'संत तुकाराम' आला, 1940 साली 'संत ज्ञानेश्वर', 1941 साली 'संत सखू'. यांपैकी 'संत तुकाराम' तर मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली परदेशात व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तो दामले आणि फत्तेलाल या दोघांनी मिळून केला. त्यांतले फत्तेलाल मुसलमान होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देहूचे देऊळ, देहूचा बाजार, तुकोबांचे घर पडद्यावर उभे करणाऱ्या हातांत एक जोडी मुसलमान कारागिराची होती. ज्यांच्या अंगणात शेख महंमदांना मानाची जागा आहे, त्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये, उलट आनंद वाटावा.

हा चित्रपट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी आम्हांला गहिवरून आले आहे. पागनीसबुवांची ती एकतारी मुद्रा, डोळ्यांतला तो भोळेपणा, हे तर आहेच. पण आमचे मन अधिक गुंतले ते आवलीत. देवाला शिव्या देणारी, आजारी पोराला घेऊन तावातावाने देवळात शिरणारी, नवऱ्याच्या वेडापायी चूल विझली म्हणून कपाळ बडवणारी, आणि तरी त्याच नवऱ्याच्या घासासाठी जीव टाकणारी आवली. चित्रपट पाहून परतताना आमच्या मनात असा विचार आला की, तुकोबांच्या पायांवर डोके ठेवणारे लाखो आहेत, पण घरातल्या आवलीचे हाल विचारणारे किती? आम्ही वारीला निघतो तेव्हा मागे गाईचे शेण कोण काढते, पोरांची फी कोण भरते, म्हातारीचे औषध कोण आणते? पडद्याने हा प्रश्न विचारला. उत्तम करमणुकीचे लक्षण हेच. ती आपल्याला सुख देते आणि जाताना आपल्याच घराकडे बोट दाखवते.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी एक गीत रचले होते, ते पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. एक असे की, मन एकाग्र करून संतांच्या भाषेत शिरले तर सिनेमाचा कवीही त्या भाषेत बोलू लागतो. दुसरे असे की, गाथा ज्याने उघडला नाही त्याला पडद्यावरचे ते सगळे संतांचेच वाटू लागते. म्हणून पडद्यावर तुकोबा पाहिले तर जरूर पाहा, पण त्या रात्री नाही तर दुसऱ्या सकाळी गाथा उघडा. चित्रपट हे दार आहे. दारातच बसून राहिलेल्या पाहुण्याला जेवण मिळत नाही.

1972 साली मुंबईला दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले आणि पुढे पंधरा वर्षांनी, 1987 च्या जानेवारीत, रामानंद सागरांचे 'रामायण' आले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. लोक अंघोळ करून संचासमोर बसत, संचाला हार घालीत, उदबत्ती ओवाळीत. राम झालेल्या नटाला लोक खरोखरच नमस्कार करू लागले. यावर सुशिक्षितांनी पुष्कळ टिंगल केली. आम्ही टिंगल करणार नाही. दगडात देव पाहणाऱ्या भक्ताने काचेत पाहिला तर हसण्यासारखे त्यात काही नाही. आमची शंका वेगळीच आहे. पाटावर बसून डोळ्यांत पाणी आणून भरतभेट पाहिली, आणि तोच माणूस सोमवारी सकाळी भावावर बांधाचा दावा लावायला तालुक्याला गेला, तर त्या अश्रूंचे काय करायचे? भरताने चौदा वर्षे पादुका सिंहासनावर ठेवल्या. आम्ही हातभर बांध ठेवू शकत नाही. अश्रू खोटे नव्हते, सज्जनहो. पण नुसत्या अश्रूंनी शेत भिजत नाही. ते पाणी पाटाने वळवून रानात न्यावे लागते. तसे भाव दाटला की तो लगेच एखाद्या कृतीत वळवावा लागतो, नाही तर तो आपोआप आटतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा नवा लागतो. अशा रडण्याचीही चटक लागते, हे ध्यानात असू द्यावे.

आता रोजच्या मालिकांकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. चित्रपट तीन तासांत संपतो. मालिका संपत नाही. ती का संपत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. मालिका आपल्याला फुकट दिसते असे वाटते, पण फुकट काही नसते. साबणवाला, तेलवाला, दागिनेवाला मधल्या जाहिरातींचे पैसे देतो, आणि किती डोळे पडद्याला चिकटून आहेत हे मोजून देतो. म्हणजे त्या बाजारात आपण गिऱ्हाईक नसून माल आहोत. आपली नजर तोलून विकली जाते. जोवर नजर विकली जाते तोवर गोष्ट संपवणे परवडत नाही. म्हणून रोज अशा ठिकाणी तोडतात की उद्या बसलेच पाहिजे. दार वाजते, कपाट उघडते, चिठ्ठी सापडते, आणि भाग संपतो! फोनमध्ये तर तेवढीही उसंत नाही. एक चित्रफीत संपायच्या आत दुसरी आपोआप पुढे येते.

यातून एक फार मोठा अनर्थ होतो, आणि तो कोणी मुद्दाम केलेला नसतो. संपू न शकणाऱ्या गोष्टीत क्षमा असू शकत नाही. विचार करून पाहा. सासूने सुनेला पोटाशी धरले, जावांनी एकमेकींची मने मोकळी केली, भावाने भावाला सांगितले की चुकले बाबा माझे, तर गोष्ट तिथेच संपेल! म्हणून तिथे क्षमा झालीच तर ती ढोंगाची असते, आणि आठवड्याभरात नवे कारस्थान सुरू होते. पैठणला गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला, आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे परत स्नानाला गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आता या कथेची मालिका करायची तर काय होईल? नाथ शांत राहिले तर पुढचा भाग कशाचा काढणार? मग नाथांना राग आणावा लागेल, त्या माणसाच्या पाठीमागे कोणी तरी सूत्रधार उभा करावा लागेल, नाथांच्या घरात फितूर शोधावा लागेल. म्हणजे संतांची जी गोष्ट क्षमेपाशी पूर्ण होते, तीच मालिकेच्या दृष्टीने क्षमेपाशी फुकट जाते. रोज रात्री दोन तास क्षमा नसलेल्या घरात राहून आल्यावर आपल्या स्वतःच्या घरात क्षमा कुठून आणणार? जाऊबाईंनी भाजीत मीठ जास्त टाकले तर पूर्वी वाटे, हात चुकला असेल. आता वाटते, मुद्दाम टाकले असेल. हा संशयाचा खडा तिथूनच आलेला आहे.

कोणी म्हणेल, "पण महाराज, शेवटी दुष्टाला शिक्षा होतेच की! मग ती नीतीच नाही का?" यावर आमचे उत्तर असे की, अडीच तास गुंडाची ऐट, त्याची गाडी, त्याचा हिशेब चुकता करण्याचा थाट चवीने दाखवायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याला गोळी घालायची, यात नीती पाच मिनिटांची आणि चव अडीच तासांची आहे. पोरगा घरी येऊन नक्कल कशाची करतो ते पाहा, म्हणजे त्याने काय घेतले ते कळेल.

उलट शेवट वाईट झाला म्हणून चित्रपट अनीतीचा ठरतो असेही नाही. 2016 साली नागराज मंजुळ्यांचा 'सैराट' आला. आपल्यातल्या काही मंडळींनी तो न पाहताच नाके मुरडली. पळून जाणाऱ्या पोरापोरींची गोष्ट, मुले बिघडतील, असे त्यांचे म्हणणे. त्यातले सर्वच आम्हांला पटले असे नाही. पण त्याचा शेवट पाहून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. जातीच्या अभिमानापायी सख्खे लोक आपल्याच लेकीचा आणि जावयाचा जीव घेतात, आणि त्यांचे तान्हे मूल रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते. याहून कठोर प्रवचन आम्हांला करता येणार नाही. वाळवंटात सगळे एकमेकांच्या पायां पडतात, आणि गावी परत आले की पोरीच्या लग्नात तीच जात पुन्हा चढून बसते, हा आपलाच रोग त्यात दाखवला आहे. 1947 साली साने गुरुजींना पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपवास करावा लागला, तो याच रोगापायी. पण त्या चित्रपटाचे पुढे काय झाले? त्याची नाचाची गाणी वरातीत वाजली, मिरवणुकीत वाजली, आणि त्या रक्ताच्या पावलांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. एकाच ताटात औषध होते आणि चटणी होती. लोकांनी चटणी चाटली. यात दोष वाढणाऱ्याचा किती आणि जेवणाऱ्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चांगले वाढणारे पुष्कळ झाले. साने गुरुजींच्याच पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी 1953 साली 'श्यामची आई' काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अलीकडे 2014 साली 'एलिझाबेथ एकादशी' नावाचा मुलांचा चित्रपट आला. तो आपल्या पंढरीतलाच आहे. बापाने करून दिलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडणारी दोन भावंडे त्यात आहेत. आपण यात्रेला जातो, दर्शन घेतो आणि परततो. पण आपण ज्यांच्याकडून बुक्का, चुरमुरे, बांगड्या घेतो, त्या घरांतली चूल एकादशीच्या गर्दीवर कशी अवलंबून असते, हे त्या चित्रपटाने आम्हांला दाखवले. तेव्हापासून पंढरीच्या पेठेत घासाघीस करताना आमची जीभ जरा अडखळते. हाच आहार अंगी लागणे होय.

आता एका वाचकांचे पत्र सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. ते लिहितात : "आमच्या मातोश्री पंचाहत्तरीच्या आहेत. तीस वर्षे पायी वारी केली. आता गुडघे गेले. दोन वर्षांपासून संध्याकाळी सातला संचासमोर बसतात त्या दहाला उठतात. हरिपाठ सुटला. मी पुष्कळ सांगितले. शेवटी एके दिवशी रागाने संच बंद करून तार काढून ठेवली. तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. माळकरी बाईने असे करावे काय? त्यांना आपण दोन शब्द लिहावेत."

त्या बंधूंना आमचे उत्तर असे. दोन शब्द आम्ही लिहितो, पण ते मातोश्रींना नाही, तुम्हांला लिहितो. तीस वर्षे ती माउली दिंडीत चालली. दिंडी म्हणजे काय? पुढे माणूस, मागे माणूस, शेजारी माणूस. सुखदुःख विचारणाऱ्या बाया, "दमलीस का ग?" म्हणणारी विणेकऱ्याची म्हातारी. गुडघे गेले आणि एका दिवसात हे सगळे माणूसपण तुटले. घरात तुम्ही आहात, सूनबाई आहेत, नातवंडे आहेत. पण सात वाजता कोण कुठे असते? तुमच्या हातात फोन, सूनबाई स्वयंपाकात, नातू दुसऱ्या खोलीत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायला कोण येते? पडद्यावरची ती खोटी सून. ती आपले दुःख त्यांना सांगते, त्यांच्यासमोर रडते. म्हातारीला तिची काळजी वाटते, कारण काळजी करणे हा तिचा स्वभाव आहे आणि घरातली माणसे तिला काळजी करण्याजोगे काही सांगत नाहीत. तुम्ही तार काढलीत तेव्हा मालिका बंद झाली एवढे तुम्हांला दिसले. तिच्या दृष्टीने दिंडी दुसऱ्यांदा तुटली.

आणि आणखी एक विचारतो, राग मानू नका. हरिपाठ त्यांचा सुटला, असे तुम्ही लिहिता. तुमचा सुरू होता काय? तुम्ही टाळ घेऊन त्यांच्याशेजारी बसत होता आणि त्या उठून संचाकडे गेल्या, असे झाले काय? तसे असते तर तुम्ही तसे लिहिले असते. एकट्या म्हातारीने भिंतीकडे तोंड करून हरिपाठ म्हणावा आणि बाकीच्यांनी तिच्या मोक्षाची चिंता करावी, ही रीत संतांची नव्हे. तेव्हा आधी ती तार परत जोडा. मग सात वाजता फोन बाजूला ठेवून आईजवळ बसा आणि म्हणा, "आई, मला चाल येत नाही, तू म्हण, मी मागून म्हणतो." हरिपाठाला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर तिच्याबरोबर तिची ती मालिकाही पाहा. ती सून कोण, ती जाऊ अशी का वागते, हे तिला विचारा. ती सांगेल. सांगता सांगता आपल्या सासूची गोष्ट सांगेल, आपल्या पहिल्या वारीची सांगेल. महिन्याभरात ती मालिका राहील की जाईल, आम्ही भाकीत करीत नाही. पण म्हातारी जेवेल, एवढे खात्रीने सांगतो. देवाला याहून मोठा नैवेद्य नाही.

संच हा शत्रू नव्हे, हे 2020 साली आपण सर्वांनी अनुभवले. करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. त्या आषाढीला लाखो वारकरी घरीच होते. त्यांनी विठोबा पाहिला तो पडद्यावरच. अंथरुणाला खिळलेल्या कितीक म्हाताऱ्यांना आजही तोच आधार आहे. ज्या काचेतून विष येते त्याच काचेतून पांडुरंगही येतो. काच दोघांनाही अडवीत नाही. अडवायचे की बोलवायचे, ते आपल्याला ठरवायचे आहे.

दुसऱ्यांना इतके बोललो, तर आता आपल्या फडाकडेही पाहिले पाहिजे. कीर्तन ऐकायला आलेला समाज हसला पाहिजे, यात गैर काही नाही. पण आजकाल काही ठिकाणी दोन तासांत दीड तास नवरा-बायकोच्या थट्टा, पोरींच्या कपड्यांवर शेरे, आणि मधूनच तोंडी लावण्यापुरता अभंग, असे चालते. त्यातले खमंग तुकडे मग फोनवर फिरतात, आणि किती लोकांनी पाहिले त्यावर बिदागी ठरते. तुकोबांनी तर कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, इथपर्यंत कडक मर्यादा घातली होती. मग नजरा मोजून पैसे घेणाऱ्या मालिकेत आणि नजरा मोजून पैसे घेणाऱ्या कीर्तनात फरक काय उरला? तिथे निदान कोणी गळ्यात वीणा घालून उभे राहत नाही. श्रोत्यांनीही हे लक्षात ठेवावे. जे मागाल ते पिकेल. नारदाच्या गादीवरून थट्टाच हवी असेल तर पुढच्या पिढीला थट्टाच मिळेल, गाथा मिळणार नाही.

आता प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायला हवे. माळकऱ्याने सिनेमा, मालिका पाहाव्या काय? पाहाव्या, पण पाच गोष्टी सांभाळून. पहिली, नेम आधी आणि खेळ नंतर. हरिपाठाची वेळ कोणत्याही मालिकेला विकू नये. दुसरी, शक्यतो एकट्याने पाहू नये. चारचौघांत जे पाहायला संकोच वाटतो, ते आपल्याला पचणारे नाही हे मनच सांगत असते. तिसरी, पाहून झाल्यावर पाच मिनिटे बोलावे. त्याने असे का केले, आपण असतो तर काय केले असते, हे मुलांना विचारावे. न बोलता गिळलेले पाहणे बाधते. चौथी, पाहून उठल्यावर स्वतःला विचारावे : घरातली माणसे आता मला जवळची वाटतात की संशयाची? मन भरले आहे की आणखी हावरे झाले आहे? या कसोटीला जे उतरेल ते पुन्हा पाहावे, न उतरेल ते सोडावे. आणि पाचवी, महिन्याच्या दोन्ही एकादशींना पोटाबरोबर डोळ्यांनाही उपवास घडवावा. त्या दिवशी संच बंद, फोन फक्त कामापुरता. पहिल्या एकादशीला हात चुळबूळ करतील. तिसऱ्या-चौथ्या एकादशीला घरात कोणाचा आवाज कसा आहे, ते ऐकू येऊ लागेल.

डोळे देवाने दिले ते दोन्ही कामांसाठी. विटेवरचे ते समचरण पाहावेत, आणि त्याच डोळ्यांनी शेजारी बसलेल्या माणसाचा उतरलेला चेहराही पाहावा. पडदा कोणताही असो, जो आपल्याला या दोन गोष्टी पाहायला शिकवतो तो आपला. जो या दोन्हींवरून नजर हटवतो, तो कितीही रंगीत असला तरी परका. हे तारतम्य पांडुरंग आपणां सर्वांना देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!